बारा रुपयांपासून सहाशेपर्यंत : मुंबईच्या गोदीने आपले कसबी लोक कसे राखले

१७३६ साली सुरतेचा एक जहाजबांधणीकार मुंबईत आला. त्याच्या घराण्यातला शेवटचा मास्टर बिल्डर मुंबईच्या गोदीतून निवृत्त झाला तो १८८० च्या दशकाच्या मध्यावर. मधल्या सुमारे दीडशे वर्षांत मुंबईचे गव्हर्नर बदलले, मराठ्यांचे राज्य गेले, १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार राणीकडे गेला आणि शिडांच्या जागी वाफेची यंत्रे आली. गोदीतले मुख्य बांधणीकाराचे पद मात्र वाडिया घराण्यातच राहिले.

हिंजवडीत किंवा ऐरोलीत एखाद्या मोठ्या तंत्रज्ञान कंपनीत माणसे सांभाळण्याचे काम करणाऱ्याला हे खरे वाटणार नाही. दहा वर्षे मुरलेला अभियंता टिकवताना तिथे नाकी नऊ येतात. अठराव्या शतकात समुद्रावरचे जहाज हेच सर्वांत गुंतागुंतीचे यंत्र होते आणि ते बांधणारी माणसे तेव्हाही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यांना दुसरीकडे मागणी नव्हती असेही नाही. मग ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राखले कसे? या प्रश्नाचे उत्तर एका कागदात मिळत नाही. ते निरनिराळ्या काळच्या आणि निरनिराळ्या हेतूंनी लिहिलेल्या साधनांतून जुळवावे लागते.

त्यातली दोन साधने पायाभूत आहेत. पहिले, चार्ल्स रॅथबोन लो याने १८७७ मध्ये दोन खंडांत छापलेला हिंदी आरमाराचा इतिहास. लो स्वतः त्या आरमारात अधिकारी होता. त्याला आपल्या आरमाराचा अभिमान आहे आणि गोदीविषयी तो भरभरून लिहितो. दुसरे, रतनजी अर्देशीर वाडिया यांचा १९५५ चा ‘द बॉम्बे डॉकयार्ड अँड द वाडिया मास्टर बिल्डर्स’ हा ग्रंथ. लेखक त्याच घराण्याचा असल्यामुळे स्तुतीच्या जागी सावध राहावे लागते. पण कंपनीच्या दप्तरावरची त्यांची मेहनत नाकारता येत नाही. या दोघांच्या जोडीला प्रवासवर्णने, वर्तमानपत्रे, एक तैलचित्र आणि अजून पाण्यावर असलेले एक जहाज, एवढी सामग्री आहे.

सुरतेचा कारागीर

सुरुवात एका कारखान्याने दुसऱ्याचा माणूस नेण्यापासून होते. लो सांगतो की १७३५ मध्ये कंपनीने डडली नावाच्या अधिकाऱ्याला ‘क्वीन’ हे जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेला पाठवले. काम तिथले बांधणीकार धनजीभाई यांच्याकडे होते. त्यांच्या हाताखालचा मुकादम लवजी नसरवानजी याचे काम डडलीच्या डोळ्यांत भरले. जहाज पाण्यात उतरल्यावर त्याने लवजीला मुंबईत येऊन गोदी सांभाळण्याचा आग्रह केला. धन्याची परवानगी मिळेपर्यंत लवजीने होकार दिला नाही. परवानगी मिळाली, आणि थोडे सुतार सोबत घेऊन तो मुंबईला आला.

या हकिकतीतला कोणता भाग किती भरवशाचा? जहाज, डडली, सुरत आणि लवजीचे मुंबईत येणे यांवर शंका घेण्याचे कारण नाही. या गोष्टी कंपनीच्या व्यवहाराच्या आहेत आणि पुढच्या घटनांशी जुळतात. धन्याच्या परवानगीसाठी अडून बसण्याचा भाग वेगळा आहे. तो लवजीच्या स्वभावाचे प्रमाणपत्र म्हणून येतो, आणि अशी प्रमाणपत्रे घराण्याच्या आठवणीत लवकर तयार होतात. लो हे घटनेनंतर सुमारे १४० वर्षांनी लिहितो आहे, हेही विसरता येत नाही. शिवाय धनजीभाईंची बाजू सांगणारे कोणी इथे नाही. आपला सर्वांत चांगला मुकादम गेला तेव्हा सुरतेच्या त्या वाड्यात काय बोलणे झाले असेल, याचा अंदाजच करायचा.

एक गोष्ट मात्र या हकिकतीतून निश्चित होते. आपल्या गोदीला हवे असलेले कसब विलायतेहून जहाजात घालून आणता येणार नाही, ते सुरतेत आहे, हे कंपनीला १७३५ मध्येच कळले होते.

लाकडाच्या शोधात उत्तरेकडे

त्यानंतरची नोंद छोटी आहे, पण सर्वांत बोलकी. लो लिहितो की पुढच्याच वर्षी लवजीला लाकडाची सोय लावण्यासाठी उत्तरेकडे पाठवण्यात आले आणि परतताना त्याने आपले कुटुंब मुंबईला आणले.

आधी लाकूड पाहू. गोदीचा जीव सागात होता. सागाचे फळकूट उन्हापावसात आणि खाऱ्या पाण्यात ओकपेक्षा कितीतरी अधिक टिकते. लवजी उत्तरेकडे गेला म्हणजे नेमका कुठे, हे ते वाक्य सांगत नाही. साल विचारात घेतले तर वाटा अरुंद होतात. १७३७ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये वसई पडली. लवजीचा प्रवास १७३७ चा असेल, तर मुंबईच्या लगतचा उत्तर किनारा तेव्हा लढाईत होता. तेव्हा जंगलाच्या मालापर्यंत पोचायचे तर एक तर गुजरातच्या बंदरांतून, नाही तर डहाणूच्या पलीकडच्या डोंगरी मुलखातून. दुसऱ्या वाटेवर जव्हारचे मुकणे संस्थान येते आणि त्याच्या पोटात आजचे जव्हार, मोखाडा आणि दाभोसा. हा तर्क आहे, पुरावा नाही. दाभोशाचे साग लवजीने पाहिले असे म्हणायला कागदाचा आधार हवा, आणि या वाक्यात तो नाही.

त्या डोंगरांचा जहाजांशी संबंध होता, एवढे भूगोलच सांगतो. दाभोशाचा धबधबा लेंडी नदीवर आहे. लेंडीचे पाणी दमणगंगेला मिळते आणि दमणगंगा दमणला समुद्रात जाते. दमणच्या पोर्तुगीज गोदीत २२ ऑक्टोबर १८४३ रोजी ‘दोम फेर्नांदो सेगुंदो ई ग्लोरिया’ हे शिडांचे लढाऊ जहाज पाण्यात उतरले. त्याचा साग त्याच नदीच्या खोऱ्यातल्या नगरहवेलीचा होता. हे जहाज आज पोर्तुगालमध्ये लिस्बनसमोरच्या किनाऱ्यावर जतन करून ठेवले आहे. तेव्हा उत्तर कोकणच्या जंगलांची किंमत मुंबईच्या इंग्रजांना आणि दमणच्या पोर्तुगीजांना सारखीच ठाऊक होती, असे म्हणायला हरकत नाही.

आता कुटुंब. परमुलखात कामाला गेलेला कसबी माणूस बायकामुले मागे ठेवतो तोपर्यंत तो पाहुणा असतो. लवजीने घर हलवले त्या दिवशी सुरतेकडे परतण्याचा दोर कापला गेला. कंपनीने यासाठी काय दिले, हे वाक्य सांगत नाही. पण लाकूडखरेदीसारखे विश्वासाचे काम नव्या माणसाला पहिल्याच वर्षी सोपवले, एवढे त्यातून दिसते. करवतीमागच्या हाताला पैशाच्या व्यवहारात घेणे, हे त्याला बांधून ठेवण्याचे पहिले पाऊल मानावे लागेल.

बारा रुपये

पुढे गोदी वाढत गेली. १७५० मध्ये पहिली सुकी गोदी तयार झाली. तिला लागून दुसरी १७६२ मध्ये आणि तिसरी १७६५ मध्ये झाली. लवजी या सर्व काळात गोदीवर होता. त्याच्या वेतनाचे चढउतार बाजूला ठेवून लोने दिलेल्या दोन नोंदी शेजारी मांडल्या, तर एक विसंगती समोर येते.

पहिली नोंद १७७१ ची. लवजीने आपले दोन नातू, फरामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी, यांना गोदीत घातले. ते सुतार म्हणून महिना बारा रुपयांवर काम करू लागले. दुसरी नोंद १७७४ ची. लवजी वारला तेव्हा त्याच्यामागे एक घर आणि वीस हजारांहून कमी रुपये राहिले.

अडतीस वर्षे कंपनीची जहाजे बांधणाऱ्याच्या मानाने ही पुंजी मोठी नाही. लो याकडे सचोटीचे लक्षण म्हणून पाहतो. हात मारायला जागा असूनही लवजीने मारला नाही, असा त्याचा रोख आहे. तो खरा असेल. पण त्याच आकड्याचा दुसराही अर्थ निघतो. कंपनी पैशाच्या बाबतीत सढळ नव्हती. तरीही हा माणूस गेला नाही. एवढेच नव्हे, तर त्याने आपली पुढची पिढी त्याच गोदीत, सर्वांत खालच्या पायरीवर उभी केली.

हे नातू तेव्हा पोरसवदा होते. जमशेटजीचा जन्म १७५४ च्या सुमाराचा धरतात, म्हणजे सतरा-अठराचे वय. मुख्य बांधणीकाराच्या नातवाने लाकूड तासत शिकायचे ही पद्धत पाहिली की बारा रुपयांचा अर्थ लागतो. तो पगार आजच्या कामाचा होता. उद्याचे पद त्यात धरलेले नव्हते, पण ते ठरलेले होते. लवजीनंतर माणेकजी आणि बमनजी ही मुले मास्टर बिल्डर झाली. ती १७९० आणि १७९२ मध्ये वारली, आणि त्यांच्या जागी हेच दोघे नातू आले. १८०४ मध्ये फरामजी गेला आणि जमशेटजी एकटा राहिला. गोदीतले पद जणू वतन झाले. तसा करार कोणी लिहून दिल्याचे दिसत नाही. पण सलग पिढ्यांच्या नेमणुका हाच त्याचा पुरावा. मराठी मुलखात पाटीलकी आणि कुलकर्णीपण ज्या रीतीने चालत होते, त्या रीतीशी कंपनीच्या लोकांचा परिचय होताच.

बाहेरचा साक्षीदार

कंपनीची कागदपत्रे कंपनीची स्तुती करणार आणि घराणे घराण्याची. म्हणून तिसरा साक्षीदार महत्त्वाचा. अब्राहम पार्सन्स हा इंग्रज प्रवासी १७७५ मध्ये मुंबईत होता, म्हणजे लवजीच्या मृत्यूनंतर वर्षभराने. त्याचे प्रवासवर्णन १८०८ मध्ये छापले गेले. तीन भागांची, दरवाजांनी तोडलेली आणि एकाच वेळी तीन मोठी जहाजे मावणारी सुकी गोदी त्याने पाहिली. अशी गोदी युरोपातही क्वचित असेल, असे तो म्हणतो. मुंबईत बांधलेली जहाजे पन्नास-साठ वर्षे टिकतात असे सांगून तो पुरावा म्हणून ‘बॉम्बे ग्रॅब’ या जहाजाकडे बोट दाखवतो. ते साठ वर्षांहून जुने असूनही मजबूत आहे, असे त्याचे म्हणणे.

इथे थोडे थांबून हिशेब करावा लागतो. १७७५ मधून साठ वजा केले की १७१५ येते. तेव्हा लवजी लहान मुलगा होता आणि मुंबईला यायला त्याला वीसेक वर्षे होती. म्हणजे पार्सन्सचा दाखला खरा असेल तर ते जहाज वाडियांचे नाही. तो खोटा असेल तर बंदरावर ऐकलेली गोष्ट त्याने लिहून घेतली. दोन्हीपैकी काहीही असले तरी गोदीची मोजमापे त्याने डोळ्यांनी पाहिली होती. तेवढा भाग भक्कम आहे. टिकाऊपणाचे सारे श्रेय एका घराण्याला देण्याआधी मात्र सागाला त्याचा वाटा द्यावा लागेल.

जमीन आणि चांदी

१७८३ च्या सुमारास कंपनीने माणेकजी आणि बमनजी यांना परळ येथे इनाम जमीन दिली. या इनामाकडे बक्षीस म्हणून पाहणे पुरेसे नाही. पगार महिन्याला येतो आणि संपतो. जमीन मुंबईच्या बेटावर आहे, ती उचलून सुरतेला किंवा कलकत्त्याला नेता येत नाही. कलकत्त्यातही तेव्हा जहाजबांधणी वाढत होती आणि तिथल्या व्यापाऱ्यांना चांगल्या बांधणीकारांची गरज होती. इनामाच्या कागदाने वाडियांचे हित मुंबईच्या मातीत रोवले. कंपनीचा हेतू नेमका हाच होता असे सिद्ध करता येत नाही. परिणाम मात्र तोच झाला.

त्यांना सोडून जाणे शक्यच नव्हते, असे कोणी म्हणेल तर घराण्यातच उलटा दाखला आहे. जमशेटजीचे भाऊ पेस्तनजी आणि होरमसजी हे व्यापारात शिरले आणि मुंबईतल्या मोठ्या पारशी व्यापाऱ्यांत गणले गेले. तेव्हा जमशेटजीपुढे व्यापाराचा मार्ग बंद नव्हता. तरीही तो गोदीत राहिला. का राहिला, याचे उत्तर १८०२ मधल्या घडामोडींत दिसते.

त्या साली ब्रिटिश नौदलाने आपली लढाऊ जहाजे मुंबईत बांधून घ्यायचे ठरवले. फ्रान्सशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडचा ओक अपुरा पडत होता. लो लिहितो की या कामासाठी इंग्लंडहून गोरा बांधणीकार पाठवण्याचा बेत होता. पण जमशेटजीचे गुण कळल्यावर त्यालाच मुख्य बांधणीकार ठेवण्याचा हुकूम झाला. इथे पगारवाढीचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो डोक्यावर कोण बसणार याचा. परका अधिकारी आणून बसवला असता, तर घराण्याच्या साठ वर्षांच्या कसबाचे मोल शून्य झाले असते. ते झाले नाही.

पुढची साखळी तारखांनी बांधलेली आहे. १८०५ मध्ये ‘पिट’ पाण्यात उतरले; १८०७ मध्ये त्याचे नाव ‘साल्सेट’ झाले. बाल्टिक समुद्रातल्या बर्फात सापडूनही ते तग धरून राहिले आणि नौदलाच्या दरबारात मुंबईच्या सागाची पत वाढली. १८०७ ते १८१० या काळात डंकन गोदी बांधली गेली. १९ जून १८१० रोजी ७४ तोफांचे ‘मिंडेन’ पाण्यात उतरले. चार दिवसांनी, २३ जूनच्या ‘बॉम्बे कुरियर’ने लिहिले की मायभूमीच्या सीमेबाहेर बांधलेले हे पहिलेच मोठे ब्रिटिश लढाऊ जहाज असून बांधणीकारांचे कसब, लाकूड आणि गोदी या तिन्हींसाठी मुंबईचे नाव आता मोठ्या आरमारी बंदरांत घ्यावे लागेल. या मजकुरात उत्सवाचा जोर आहे. पण पहिलेपणाचा दावा तारखेसकट छापला गेला आहे आणि तो तपासता येतो.

आता चित्र. लंडनजवळ ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात जमशेटजीचे तैलचित्र आहे. पांढरा जामा, पगडी, हाती कंपास आणि कमरेच्या शेल्यात कंपनीने दिलेली चांदीची मोजपट्टी. मोजपट्टी हे सुताराचे रोजचे हत्यार, पण चांदीची पट्टी कामाला उपयोगी नाही. ती फक्त दिसण्यासाठी असते. चित्रकारासमोर बसलेल्या माणसाने आपली ओळख म्हणून पैशाची थैली निवडली नाही, जमिनीची सनद निवडली नाही. त्याने मोजपट्टी शेल्यात खोवली. ही निवड त्याची की चित्रकाराची, हे चित्र सांगत नाही; पण ती मोजपट्टी घरात जपली गेली होती, एवढे उघड आहे.

याच जमशेटजीविषयी एक गोष्ट पुस्तकांतून फिरते. १८०० साली बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या पोटातल्या एका मुख्य तुळईवर, हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले अशा अर्थाचे, स्वतःलाच शिवी हासडणारे वाक्य त्याने कोरून ठेवले आणि कित्येक वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले तेव्हा ते दाखवले. गोष्ट चटकदार आहे, म्हणूनच तिला आठवणीच्या कप्प्यात ठेवावे. ती खरी धरली, तर मानसन्मानाच्या तळाशी काय साचले होते ते कळते. खोटी धरली, तरी लोकांना ती खरी वाटली, यातून गोदीतल्या वातावरणाचा अंदाज येतो.

जहाज हाच दस्तऐवज

एक पुरावा असा आहे की ज्याला हात लावता येतो. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईत पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. ब्रिटनमधली तरंगती असलेली सर्वांत जुनी युद्धनौका तीच. तिच्या बांधणीआधी एक विलक्षण अडथळा आला. इंग्लंडहून पाठवलेले आराखडे ‘जावा’ या युद्धनौकेवर होते आणि १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा नाश केला. नक्कल पाठवावी लागली, कामाला उशीर झाला. तोवर गोदीतली माणसे मात्र जागेवरच होती. आराखडा हरवला तर दुसरा काढता येतो. तो वाचून लाकडात उतरवणारा माणूस हरवला तर गोदी बंद पडते. कंपनीचा इतक्या वर्षांचा खर्च कशासाठी होता, ते या एका प्रसंगात दिसते.

वाफ

जमशेटजी १८२१ मध्ये वारला आणि मुलगा नवरोजी त्याच्या जागी आला. १८२९ मध्ये त्याने ४११ टनांचे ‘ह्यू लिंडसे’ हे वाफेचे जहाज बांधले. २० मार्च १८३० रोजी ते मुंबईहून सुवेझकडे निघाले. या जहाजात एक फट आहे आणि पुढचा इतिहास तिच्यातून आत येतो. सांगाडा मुंबईचा, पण यंत्रे इंग्लंडच्या मॉडस्ले कारखान्याची. शंभर वर्षांत पहिल्यांदाच गोदीच्या कसबाचा अर्धा भाग घराण्याच्या हाताबाहेर गेला.

घराण्याने हे ओळखले. १८३८ मध्ये जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे चुलत भाऊ इंग्लंडला गेले आणि चॅथमच्या सरकारी गोदीत शिकले. त्यांचे अडीच वर्षांच्या वास्तव्याचे वर्णन १८४१ मध्ये लंडनला छापले गेले. ते गेले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, घराण्यातला अर्देशीर खरशेटजीही निघाला. त्याचीही रोजनिशी १८४० मध्ये छापलेली आहे. ६ ऑक्टोबर १८०८ रोजी जन्मलेल्या या माणसाने १८३४ मध्येच माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावून दाखवले होते.

१ एप्रिल १८४१ रोजी अर्देशीरने मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचा मुख्य अभियंता म्हणून सूत्रे घेतली. पगार महिना सहाशे रुपये. त्याच्या चरित्रात दिलेले आकडे असे : हाताखाली चार युरोपीय फोरमन, सुमारे शंभर युरोपीय यंत्रज्ञ आणि बॉयलर बनवणारे, आणि दोनशेच्या आसपास देशी कारागीर. ‘बॉम्बे टाइम्स’ने लगेच शंका घेतली. देशी माणूस कितीही शिकलेला असला तरी इंग्रज कामगारांवर त्याचा अंमल चालेल काय, असा त्या पत्राचा रोख होता. त्याच वर्षी २७ मे रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य निवडले. तो पहिला हिंदी सदस्य. दुसरा, श्रीनिवास रामानुजन, निवडला गेला तो थेट १९१८ मध्ये. दोन महिन्यांत दोन निवाडे. लंडनची विद्वत्सभा त्याला आपल्यात बसवते आणि मुंबईचे वर्तमानपत्र त्याच्या अधिकारावर शंका घेते.

आजोबांच्या पिढीने बारा रुपयांवर सुरुवात केली होती. नातवाला सहाशे मिळाले. पगारावर माणसे राहतात हे खरे असते, तर अर्देशीर सर्वांत जास्त काळ टिकायला हवा होता. झाले वेगळेच. १ ऑगस्ट १८५७ रोजी, पन्नाशीही न गाठता, तो निवृत्त झाला. १८६१ ते १८६३ या काळात सिंधमधल्या कोटरीला सिंधू नदीवरच्या बोटींच्या कंपनीत मुख्य अभियंता म्हणून त्याने काम केले. त्यानंतर तो इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे वारला. लोचा इतिहास छापून बाहेर पडला तो त्याच वर्षी.

त्याने गोदी का सोडली, याविषयी तीन तर्क करता येतात. गोऱ्या हाताखालच्या लोकांशी रोजची कुरबुर, हा पहिला. दुसरा, कंपनीचे दिवस भरत आल्याची चाहूल. तिसरा मला अधिक पटतो. नव्या यंत्रांचे अवघड काम आता इंग्लंडात होत होते. मुंबईत त्याच्या वाट्याला त्यांची दुरुस्ती आणि देखरेख येत होती. ‘मिंडेन’ बांधणाऱ्याला गोदीत राहण्यासाठी जे कारण होते, ते अर्देशीरला उरले नव्हते. कागद या तिन्हींपैकी एकालाही छापील पुष्टी देत नाहीत. पण तारखांचा क्रम तिसऱ्याला पोषक आहे. लोखंडी जहाजे आली तसे घराण्याचे पद टिकले, पण काम आटत गेले. जमशेटजी धनजीभाई हा शेवटचा मास्टर बिल्डर ठरला. तो गेल्यावर ते पदच संपले.

साधने जोडल्यावर निवाडा असा निघतो. कंपनीने वाडियांना पगारावर राखले, हे सिद्ध होत नाही. उलट बारा रुपये आणि वीस हजारांहून कमी शिल्लक त्याविरुद्ध साक्ष देतात. लाकूडखरेदीचा विश्वास, मुलानातवंडांना पद मिळण्याची खात्री, मुंबईतली जमीन, डोक्यावर परका न बसवण्याचा १८०२ चा हुकूम आणि हाताला पुरेल इतके अवघड काम, या पाच गोष्टींनी राखले, असे म्हणायला आधार आहे. त्यांतली पाचवी संपली तेव्हा सहाशे रुपये आणि रॉयल सोसायटीचा मान असलेला माणूसही राहिला नाही.

मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात कंपनीच्या मुंबई सरकारची दप्तरे आहेत. त्यांतल्या पगारपत्रकांवर कोणी नेटाने काम केले, तर लवजीच्या वेतनाचा पूर्ण आलेख मांडता येईल आणि वरचा निवाडा टिकतो की मोडतो हे पाहता येईल. ज्यांना सवड आहे आणि मोडी, गुजराती आणि जुनी इंग्रजी हस्तलिपी वाचता येते, त्यांनी हे काम अंगावर घ्यावे.